कुंपणाच्या आतली झाडे

मुंबई महापालिकेच्या 2018 साली जाहीर झालेल्या वृक्षगणनेत शहरात 29 लाख 75 हजारांहून जास्त झाडे मोजली गेली. त्यांतली साधारण 15 लाख 63 हजार खासगी आवारांत होती. रस्त्यांच्या कडेला 1 लाख 85 हजार, आणि सार्वजनिक बागांमध्ये लाखभर. वर्तमानपत्रांत वाद होतात ते मेट्रोच्या, पुलाच्या किंवा रस्तारुंदीच्या झाडांवरून, आणि ते व्हायलाच हवेत. पण शहराची निम्म्याहून जास्त सावली सोसायट्यांच्या, बंगल्यांच्या आणि जुन्या वाड्यांच्या कुंपणाआत उभी आहे. तिचे भवितव्य ठरते ते कमिटीच्या मासिक सभेत, शेजारच्या भांडणात, वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात आणि हल्ली सगळ्यात जास्त पुनर्विकासाच्या नकाशावर.

या झाडांना लागू होणारा मुख्य कायदा म्हणजे 1975 चा महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम. महापालिका आणि नगरपालिका अशा दोन्ही हद्दींत तो चालतो. त्याचा गाभा एका वाक्यात सांगता येतो: जमीन तुमची असो वा दुसऱ्याची, वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीवाचून झाड तोडायचे नाही. ‘तोडणे’ म्हणजे बुंध्यावर करवत चालवणे एवढेच नव्हे. जाळणे, कापणे किंवा कोणत्याही तऱ्हेने झाडाला इजा करणे हे सगळे त्यात येते. खोडाची साल गोल सोलून झाड वाळवणे, भोके पाडून आम्ल ओतणे, मुळाशी रसायन घालणे असे चोरटे प्रकार जुन्या शहरांत सर्रास चालत आले आहेत. कायद्याच्या नजरेत तीही तोडच आहे. अडचण येते ती पुराव्याची. झाड सहा महिन्यांत वाळते आणि वाळल्यावर ‘मेलेले झाड’ म्हणून रीतसर अर्ज येतो.

अर्जाची वाट कागदावर सरळ आहे. जागेचा नकाशा आणि कारण जोडून अर्ज द्यायचा. वृक्ष अधिकाऱ्याने स्वतः येऊन झाड पाहायचे. लोकांना कळावे म्हणून जाहिरात द्यायची आणि झाडावर नोटीस लावायची. हरकती ऐकायच्या आणि साठ दिवसांच्या आत निर्णय द्यायचा. परवानगी मिळाली तरी पंधरा दिवस झाडाला हात लावायचा नाही, म्हणजे कोणाला दाद मागायची असेल तर तेवढी उसंत मिळते. हे पंधरा दिवस म्हणजे निव्वळ उपचार नाहीत, हे 2019 च्या ऑक्टोबरात मुंबईच्या आरे वसाहतीत मेट्रो कारशेडच्या प्रकरणात दिसले. उच्च न्यायालयाने वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्याच्या रात्रीच करवती सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने दोन-तीन दिवसांनी ‘जैसे थे’ म्हटले, तोवर दोन हजारांवर झाडे आडवी झाली होती. प्रकरण सरकारी जमिनीचे होते, पण धडा सोसायटीच्या आवारालाही लागू आहे. झाडाच्या बाबतीत निकाल उशिरा लागला, तर तो जिंकूनही काही हाती येत नाही.

2021 मध्ये कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ हा दर्जा मिळाला. तोडलेल्या झाडाचे वय जितके, तितकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. त्याआधी दंड झाडामागे एक हजार ते पाच हजार रुपये इतकाच होता. चौरस फुटाला पन्नास हजार रुपये भाव असलेल्या वस्तीत या दंडाची भीती कोणाला वाटणार? दुरुस्तीने तो एक लाखापर्यंत नेला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाच्या समितीने पश्चिम बंगालमधल्या एका प्रकरणात झाडाचे मोल वर्षाला 74,500 रुपये धरले होते. ते पाहता लाखाचा दंडही भारी म्हणता येत नाही. 2025 च्या मार्चमध्ये उत्तर प्रदेशात वृंदावनजवळ खासगी जमिनीवरची 454 झाडे एका रात्रीत तोडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयाने झाडामागे एक लाखच लावला. तिथे ती रक्कम टोचली, कारण झाडे शेकड्यांनी होती. बंगल्यातला एक पर्जन्यवृक्ष हटवून दोन मोटारींची जागा काढणाऱ्याचा हिशेब अगदी वेगळा असतो.

खेड्यात कायदा बदलतो. तिथे 1964 चा वृक्षतोड विनियमन कायदा लागू होतो आणि तो सगळ्या झाडांना नव्हे, तर अनुसूचीतल्या जातींना संरक्षण देतो. त्यात साग, चंदन, खैर, हिरडा, मोह, ऐन आहेत आणि परसातले आंबा, फणस, चिंच, जांभूळही आहेत. पुण्याभोवतीची गावे 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस अशी महापालिकेत आली, तेव्हा तिथल्या घरमालकांच्या डोक्यावरचा कायदा एका अधिसूचनेने बदलला. वाघोलीतल्या परसातला कडुनिंब त्याआधी अनुसूचीत नव्हता. आता त्याच्यासाठीही वृक्ष प्राधिकरणाकडे जावे लागते. हे तिथल्या किती रहिवाशांना कोणी समजावून सांगितले असेल?

आता शेजारधर्माकडे वळू, कारण घराच्या आवारातल्या झाडांचे बहुतेक तंटे इथेच सुरू होतात. शेजाऱ्याच्या आंब्याची फांदी आपल्या गच्चीवर आली, पानांनी पन्हळ तुंबली, मुळांनी कुंपणाची भिंत फुगली. इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने 1894 साली लेमन विरुद्ध वेब या खटल्यात सांगितलेले तत्त्व आपल्या न्यायालयांतही रुजले आहे: आपल्या हद्दीत आलेली फांदी हद्दीपर्यंत छाटण्याचा हक्क शेजाऱ्याला आहे, त्यासाठी झाडमालकाच्या जमिनीत पाऊल मात्र टाकता येत नाही. कापलेली फांदी आणि तिच्यावरचे आंबे झाडमालकाचेच राहतात. पण शहरात हा हक्क एकटा उभा नसतो, त्याच्यावर 1975 चा कायदा बसलेला असतो. शेजाऱ्याविरुद्ध फांदी छाटण्याचा हक्क असला, तरी पालिकेच्या परवानगीवाचून करवत चालवली तर गुन्हा होऊ शकतो. वकिलाची नोटीस पाठवून विजयी मुद्रेने फांद्या उतरवणाऱ्यांच्या लक्षात हीच दुसरी पायरी राहत नाही. दोन्ही घरांच्या सहीने उद्यान विभागाकडे छाटणीचा एकच अर्ज द्यावा, हा साधा उपाय भांडण पेटल्यावर कोणालाच सुचत नाही.

गोव्यात तर झाड कशाला म्हणायचे, या व्याख्येपाशीच प्रश्न एकदा येऊन ठेपला होता. तिथला झाडे जतन करण्याचा कायदा 1984 चा. 2016 च्या सुरुवातीला सरकारने दुरुस्ती करून नारळाला त्या कायद्यातल्या झाडांतून वगळले. माडाला फांद्या नसतात, म्हणून तो कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, असा युक्तिवाद झाला. वनस्पतिशास्त्राच्या काटेकोर अर्थाने माड हा आंब्यासारखा वृक्ष नाही, हे खरे. पण घराशेजारच्या चार माडांवर ज्या घराचे वर्षाचे खोबरे आणि तेल चालते, त्या घराला हा युक्तिवाद पटणे शक्य नव्हते. माडांच्या भाटांवर डोळा ठेवून बसलेल्या जमीन व्यवहारांना रान मोकळे होईल, ही भीती गावोगाव बोलली गेली. मोठा विरोध झाला आणि पुढच्याच वर्षी सरकारने नारळाला पुन्हा संरक्षण दिले. या प्रसंगात मला महत्त्वाचे वाटते ते असे की लोक झाडासाठी उभे राहिले, कारण ते झाड त्यांच्या अंगणातले होते. अंगणातल्या झाडाबद्दलची ही आपुलकी कोणत्याही नियमाहून मोठे भांडवल आहे. नियमांनी तिला सोबत घ्यायला हवे, आणि नेमके तेच होत नाही.

कारण त्याच माडाची दुसरी बाजूही आहे. 2017 च्या जुलैत मुंबईच्या चेंबूरमध्ये सकाळी रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर आवारातला माड कोसळला आणि तिचा मृत्यू झाला. ते झाड काढण्याची परवानगी रहिवाशांनी आधी मागितली होती आणि ती मिळाली नव्हती, अशा बातम्या त्या वेळी आल्या. त्या एका घटनेत या प्रश्नाची सगळी गुंतागुंत दिसते. पाहणी करणाऱ्या अधिकाऱ्याने खालून पाहिले तर माड सरळ आणि हिरवाच दिसतो. सोंड्या भुंग्याने आत पोखरलेला गाभा बाहेरून दिसत नाही. खोडावरची भोके, त्यांतून गळणारा तपकिरी चीक आणि भुसा या खुणा पाहायला शिडी लावावी लागते, माडावर चढणाऱ्या माणसाला विचारावे लागते. ‘झाड ठीक आहे’ असा शेरा मारण्यापूर्वी काय काय तपासले, हे लिहून देण्याची सक्ती असती तर?

धोकादायक झाडासाठी कायद्यात आणखी एक दार आहे, ज्याची माहिती फार थोड्यांना असते. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम 133 आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 152. पडण्याच्या बेतात असलेली इमारत आणि पडण्याच्या बेतात असलेले झाड या दोन्हींचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. झाड काढावे किंवा त्याला टेकू द्यावा, असा आदेश कार्यकारी दंडाधिकारी मालकाला देऊ शकतो. ‘टेकू’ हा पर्याय कायद्याने स्वतःच दिला आहे, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. कललेल्या झाडाला आधार देणे, दोन जड फांद्या तारेच्या दोराने बांधणे, शेंड्याचा भार हलका करणे ही वृक्षतज्ज्ञांची रोजची कामे आहेत. आपल्याकडे मात्र झाड ठेवायचे की पाडायचे, एवढेच दोन पर्याय समोर येतात. विजेच्या तारांजवळची झाडे वेगळ्या नियमांत येतात. विद्युत अधिनियम 2003 नुसार तारांना अडथळा करणारे झाड हटवता वा छाटता येते आणि पावसाळ्यापूर्वी वीज कंपन्यांची माणसे ते करतात. कसे करतात, हे आपण पाहतोच. तारेच्या बाजूचे अर्धे झाड उतरवले जाते, दुसऱ्या अर्ध्याचा सगळा भार एकीकडे जातो आणि पहिल्याच वादळात ते त्या बाजूला कलंडते.

इथे थोडे थांबून छाटणीबद्दलच बोलायला हवे, कारण मला सगळ्यात जास्त त्रास होतो तो इथे. परवानगी मिळते ‘समतोल छाटणी’ची आणि प्रत्यक्षात झाड बोडके केले जाते. ठेकेदाराला पैसे मिळतात ते ट्रकभर फांद्यांचे. झाड नंतर कसे फुटते याबद्दल त्याला कोणी विचारत नाही. अमेरिकेतल्या ॲलेक्स शायगो या वनशास्त्रज्ञाने गेल्या शतकात हजारो झाडे उभी चिरून दाखवून दिले की झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड सडलेला भाग आतल्या आत बंदिस्त करते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगीर वलय असते. बुरशीला अडवणारी भिंत तिथेच उभी राहते. म्हणून छेद त्या वलयाच्या अगदी बाहेर घ्यायचा असतो. खोडाला घासून कापले तर ती भिंतच कापली जाते, आणि वीतभर खुंटी ठेवली तर खुंटी सडून कीड आत जाते. मोठी फांदी एका घावात पाडली तर ती खोडाची साल सोलत खाली येते. म्हणून आधी खालून एक खाच, मग थोडे पुढे वरून एक छेद, आणि भार उतरल्यावर वलयाशी शेवटचा. एका वेळी पानांचा चौथा हिस्सा, त्याहून जास्त काढू नये, असा जगभरचा दंडक आहे.

बोडक्या झाडावर दोन-तीन महिन्यांत धुमाऱ्यांचे झुपके येतात आणि सोसायटीला वाटते, झाड सावरले. ते धुमारे सालीखालून फुटलेले असतात. जुन्या फांदीला असते तशी त्यांची लाकडाशी घट्ट पकड नसते. तीन-चार वर्षांनी ते मनगटाएवढे जाड होतात आणि सडलेल्या टोकावर तोलत राहतात. थोडक्यात, आज धोका टाळण्यासाठी केलेली छाटणी पाच वर्षांनंतरचा धोका तयार करते. गुलमोहर, सोनमोहर आणि शेवगा मुळातच ठिसूळ. त्यांच्यावर असा प्रयोग म्हणजे संकटाला आमंत्रणच. अपघात झाला की पुन्हा सगळ्या आवारांना छाटणीच्या नोटिसा जातात आणि पुन्हा झाडे बोडकी होतात.

वेळेचाही प्रश्न आहे. पालिका एप्रिल-मेमध्ये छाटणीचा धडाका लावते आणि नेमक्या त्याच दिवसांत कावळ्यांची घरटी भरलेली असतात. पाऊस सुरू झाला की बगळे आणि ढोकऱ्या मोठ्या पर्जन्यवृक्षांवर वसाहत करतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 प्रमाणे वन्य पक्ष्यांची अंडी व घरटी उद्ध्वस्त करणे हे शिकारीच्या व्याख्येत येते. छाटणीच्या परवानगीपत्रात याची एक ओळ असायला काय हरकत आहे? बहुतेक झाडांची छाटणी हिवाळ्यात, पक्ष्यांची वीण नसताना निवांत करता येते. मे महिना वाळक्या व मोडक्या फांद्यांपुरता ठेवावा.

छाटणीच्या परवानगीबाबत दिल्लीने एक वळण घेतले आहे. तिथला कायदा 1994 चा आहे. त्याखालच्या मार्गदर्शक सूचनांनी 15.7 सेंटिमीटर घेरापर्यंतच्या फांद्या विनापरवानगी छाटायला मुभा दिली होती. 2023 च्या मे महिन्यात दिल्ली उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्या मुभेखाली झाडेच्या झाडे भुंडी केली जात होती. न्यायालयाची चिंता रास्त आहे. तरीही प्रत्येक बारीक फांदीसाठी अर्ज मागणारी व्यवस्था कितपत टिकेल, अशी शंका मला आहे. अर्जांचा ढीग वाढला की खरा धोकादायक वृक्ष त्या ढिगात दबतो. माझ्या मते बोटाएवढ्या आणि मेलेल्या फांद्यांना मोकळीक द्यावी आणि मोठ्या छेदांवर नजर ठेवावी. शेंडा मारण्याला मात्र सरसकट बंदी हवी. मोजायचेच तर छेदाची जागा मोजावी. नुसत्या घेराचा आकडा काही सांगत नाही.

मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या शहरांत निवासी झाडांवरचे सगळ्यात मोठे संकट आता पुनर्विकासाचे आहे. साठ-सत्तरच्या दशकांत उभ्या राहिलेल्या सोसायट्यांत पहिल्या सभासदांनी आंबा, जांभूळ, बकुळ, पर्जन्यवृक्ष हौसेने लावले. ती झाडे आता नेमकी पन्नाशी ओलांडत आहेत, म्हणजे कायद्याने वारसा ठरत आहेत. आणि त्याच वर्षांत त्या इमारती धोकादायक ठरून पाडल्या जात आहेत. ज्या क्षणी झाडाला सर्वांत जास्त संरक्षण मिळाले, त्याच क्षणी त्याच्या खालची जमीन सर्वांत महाग झाली.

या व्यवहारात झाडांचा विचार शेवटी होतो. आधी चटईक्षेत्र ठरते, मग तळघरात किती मोटारी बसतील हे ठरते, मग अग्निशमन गाडी फिरण्याची वाट सोडली जाते. उरलेल्या पट्टीत झाडे मावत नाहीत, तेव्हा तोडीचा आणि पुनर्रोपणाचा अर्ज जातो. पुनर्रोपण हा शब्द ऐकून सभासद निश्चिंत होतात. पन्नास वर्षांच्या झाडाची अन्नपाणी शोषणारी मुळे पर्णसंभाराच्या परिघाबाहेरपर्यंत पसरलेली असतात. क्रेनला उचलता येईल एवढा मातीचा गोळा घेतला की त्यांतली बहुतेक तुटतात. महिनोन्‌महिने आधी टप्प्याटप्प्याने मुळे छाटून तयारी केली आणि नंतर दोन-तीन उन्हाळे पाणी दिले, तर वड-पिंपळासारखी झाडे जगतात. एका आठवड्यात उपटून दूरच्या भूखंडावर खोचलेला आंबा जगत नाही. वयाइतकी झाडे लावण्याचा नियम हेतूने चांगला आहे. पण सगळा भूखंड तळघराने व्यापला असेल, तर पन्नास रोपे लावायची कुठे? ती शहराबाहेर जातात आणि सावली जिथून गेली तिथे ती परत येत नाही. तळघराच्या स्लॅबवर चार फूट मातीत शोभेची झुडपे वाढतात, जांभूळ वाढत नाही. मुंबईतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली म्हटले होते की किमान करमणुकीची मोकळी जागा जमिनीवरच हवी. झाडांच्या दृष्टीने त्या निकालाइतका उपयोगी निकाल दुसरा नाही, कारण खाली खरी जमीन असेल तरच मोठे झाड.

परवानगी द्यायची कोणी, यावरही बरीच झटापट झाली. पंचवीस झाडांपर्यंतचे अर्ज प्राधिकरणाकडे न नेता आयुक्तांनी निकाली काढावेत, या तरतुदीला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले. निवासी भूखंडावर पंचवीसपेक्षा जास्त झाडे क्वचितच असतात, हे लक्षात घेतले की या वादाचे महत्त्व कळते. आकडा पंचवीस ठेवला, तर जवळपास प्रत्येक सोसायटीची झाडे तज्ज्ञांच्या नजरेखालून न जाताच निकालात निघतात. प्राधिकरणात वनस्पतिशास्त्र जाणणारी माणसे असावीत, यासाठीही नागरिकांना न्यायालयात जावे लागले आहे.

मालमत्ता कराच्या बिलात वृक्ष उपकर असतो. त्याची तरतूद याच 1975 च्या कायद्यात आहे. सोसायट्या तो दरवर्षी भरतात. पण आवारातले झाड छाटायचे तर खर्च पुन्हा त्यांचाच. बऱ्याच कमिट्या स्वस्तातला छाटणीवाला बोलावतात, तो याचमुळे. निम्म्याहून जास्त झाडे ज्यांच्या आवारात आहेत, त्यांना या उपकरातून प्रशिक्षित वृक्षतज्ज्ञाची तीन वर्षांतून एक मोफत तपासणी मिळायला हवी. झाडाला संरक्षण देणारा कायदा आपल्याकडे आहे, झाड सांभाळणाऱ्याला मदत करणारा नाही. परवानगीच्या खिडकीपलीकडे मालकाशी पालिकेचे नातेच नाही. त्यामुळे झाड लावणे म्हणजे उद्याची कटकट, असे नव्या घरमालकांना वाटू लागले आहे, आणि माझ्या मते या कायद्याचे हेच सगळ्यात मोठे अपयश आहे.

कायद्याप्रमाणे दर पाच वर्षांनी वृक्षगणना करायची असते. मुंबईच्या गणनेत झाडांचे स्थान नकाशावर टिपले गेले, जात, घेर आणि अवस्था नोंदली गेली. ही नोंद सोसायटीच्या हाती द्यावी, तिच्यात प्रत्येक छाटणी आणि प्रत्येक तपासणी चढवावी. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला, की वास्तुविशारदाने पहिली रेघ मारण्याआधी ही यादी आणि मुळांचा परीघ दाखवणारा नकाशा त्याच्यासमोर असावा आणि तळघराची हद्द त्या परिघाबाहेर आखली जावी. निविदा काढतानाच सभासदांनी ही अट घातली, तर ती पाळणारे विकासक मिळतात. करार झाल्यावर घातली, तर तिची किंमत सभासदांच्याच खोल्यांच्या क्षेत्रफळातून वसूल होते.